रायपूरचा चंद्र आधी निघतो

माझी बायको वच्छला अन् मी, आम्ही दोघांनी मिळून केलेलं शेवटचं साधं काम म्हणजे तुरीच्या शेंगा सोलणं. मूर्तिजापूरला आमच्या घराच्या मागच्या पायरीवर सूप मध्ये ठेवून बसलो होतो. मार्गशीर्षातली संकष्टी होती. तिचा उपास, माझा नाही. मी सोलता सोलता चार दाणे तोंडात टाकी अन् ती म्हणे, "खा, खा. दाखवून दाखवून खा." तेवढ्यात रायपूरहून तिच्या धाकट्या बहिणीचा, निर्मलाचा फोन आला.

"ताई, आमचा निघाला."

"आमचा अजून घरी हाय," वच्छला म्हणाली.

हे दोघींचं दर चतुर्थीचं बोलणं. निर्मला लग्न होऊन रायपूरला गेली तेव्हा सामानात मराठी कॅलेंडर घेऊन गेली होती. त्यात संकष्टीच्या चौकोनात चंद्रोदयाची वेळ छापलेली असते, ती मुंबईची. हे त्या पोरीला कोण सांगणार? वर्षभर ती घड्याळाकडं पाहत उपाशी बसली. चंद्र तिकडं अर्धा-पाऊण तास आधीच छपरावर चढलेला. तिची सासू विचारी, "काहून वं, तुया चंद्र कोणता हाय?" वच्छलेला हे कळलं तेव्हा ती पदर तोंडात कोंबून हसली. तेव्हापासून हा फोन सुरू झाला. रायपूर पूर्वेला, म्हणून तिथं आधी. आमच्याकडं सतरा-अठरा मिनिटांनी. दोघी बहिणी शाळेत फार गेल्या नाहीत, पण हे त्यांना पक्कं ठाऊक होतं.

त्या दिवशी मला भूक लागली होती. तिच्या साखरेची काळजी वाटली असं आता म्हणता येईल, पण ते खोटं होईल. मला भूक लागली होती, अन् तिचा उपास सुटल्याशिवाय ती मला वाढत नसे. मी म्हणालो, "तिकडं निघाला म्हणजे निघाला. चंद्र काय दोन हायेत? सोड उपास अन् वाढ गुमान."

ती काही बोलली नाही. उठली, ताट केलं, जिथून चंद्र निघतो त्या बाजूला तोंड करून उभी राहिली. तिथं नुसता अंधार होता. त्या अंधाराला तिनं हळदकुंकू वाहिलं, अक्षता टाकल्या, पाणी सोडलं. मग मला वाढलं अन् आपण जेवली. आम्ही हात धुवत होतो तेव्हा चंद्र वर आला.

सकाळी ती उठली नाही.

पेन्शनर मंडळातले लोक म्हणाले, वर्षभर घरात बसला होता, आता रायपूरला जाऊन आला, तर अंकासाठी दोन पानं लिहा. मी चौथी शिकलो. रेल्वेत पॉइंट्समन होतो, आयुष्य रुळांचे सांधे बदलण्यात अन् बत्ती दाखवण्यात गेलं. जसं बोलतो तसंच लिहितो.

गुढियारी

वर्षश्राद्ध झालं अन् निर्मलाचा फोन आला. "भाऊजी, ताईचं संकष्टीचं उद्यापन राहून गेलं. ते मी माझ्या घरी करते. पौषातल्या चतुर्थीला या. नाही म्हणू नका."

मी निघालो. गाडीतलं काय सांगायचं? सोबत तिळाचे लाडू नेले होते. गोंदियाला चढलेल्या एका बाई त्या पिशवीवर नीट मांडी घालून बसल्या. डोंगरगड आलं तेव्हा मला दिसलं. बाई म्हणाल्या, "अरे भैया, मैं समझी तकिया है." निर्मलाला मी लाडवांचा चुरा दिला. ती म्हणाली, "बरं झालं, दात तरी वाचले."

स्टेशनवर निर्मलाचा पोरगा प्रशांत मोटरसायकल घेऊन आला होता. तो नव्या राजधानीत एका सरकारी कचेरीत कॉम्प्युटरवर बसतो. तिशीला टेकला. मराठी सगळं समजतं, पण उत्तर हिंदीत देतो. मी विचारलं, "आई कशी हाय रे?" तर म्हणे, "बस मौसाजी, आपकी राह देख रही है."

त्यांचं घर गुढियारीत, मालधक्क्याच्या अलीकडं. त्याचा बाप रेल्वेतच होता, त्याला जाऊन आठ वर्षं झाली. घरात निर्मला अन् प्रशांत, सूनबाई बाळंतपणाला माहेरी गेलेली. गल्लीत पोत्यांचे ट्रक, हमालांच्या हाका, शंटिंगचा आवाज. मला बरं वाटलं. मूर्तिजापुरात माझ्या घरी आता आवाजच होत नाही.

निर्मलानं पहिल्या दिवशी फरा केला होता. तांदळाच्या पिठाच्या लांबट वळकट्या करून वाफवतात, वरून तिळाची फोडणी. आमच्याकडं ज्वारी, यांच्याकडं सगळं तांदूळ. सकाळी तांदळाचा चीला, म्हणजे धिरडं, दुपारी भात, रात्री पुन्हा भात. मी म्हणालो, "भाकर नाही का वं?" तर म्हणाली, "भाऊजी, तीस वर्षं झाली मले इथं. ज्वारी मीच विसरली."

जेवताना शेजारची एक बाई आली. तिला निर्मलानं सांगितलं, परवा संकष्टी, माझ्या ताईचं उद्यापन. बाई म्हणाली, "हव, परों सकट चौथ हे. माघ लग गे हे." मी म्हणालो, माघ कुठला, अजून पौष सुरू हाय. निर्मला हसली. इकडं पौर्णिमा झाली की महिना बदलतो, आपला अमावस्येला बदलतो. चंद्र एकच, पण त्यांचा महिना पंधरा दिवस पुढं. मला वाटलं, या बायका दोन्ही महिने सांभाळतात अन् कुणाचं काही अडत नाही.

मग निर्मला त्या बाईला म्हणाली, "माझ्या ताईनं एवढ्या वर्षांत एकही चतुर्थी मोडली नाही. एकही नाही. बाळंतपणातसुद्धा नाही. सांगा भाऊजी."

मी मान हलवली. घास गिळला. दुसरं काय करणार होतो?

नवं रायपूर

दुसऱ्या दिवशी रविवार होता. प्रशांत म्हणाला, चला, नवी राजधानी दाखवतो. तेलीबांध्याचं तळं मागं टाकलं की रस्ता रुंद होत जातो. आमच्या तालुक्याच्या गावातली सगळी वस्ती मावेल एवढा रस्ता, अन् त्यावर एक सायकलवाला. मोठमोठ्या इमारती, पुढं फुलझाडं, माणूस नाही. मी विचारलं, "इथं राहते कोण?" प्रशांत म्हणाला, "आएँगे, मौसाजी. धीरे-धीरे." राज्य नवं, राजधानी नवी, सगळं येणाऱ्या माणसांसाठी मांडून ठेवलेलं. मोकळ्या घरासारखं वाटलं मला. तसं मी त्याला बोलून दाखवलं नाही.

एका टपरीवर चहा घेतला. तिथं मी पोराला सगळं सांगून टाकलं. का सांगितलं, माहीत नाही. बहुतेक तो हिंदीत बोलतो म्हणून. आपल्या भाषेत ऐकून घेणारा असता तर धीर झाला नसता. शेंगा, फोन, माझी भूक, अंधाराला वाहिलेलं कुंकू, सगळं. "तुझी आई उद्या दहा जणांत सांगणार का तिनं एकही चतुर्थी मोडली नाही. अन् शेवटची मी मोडवली. आता आईले सांगू का नको, हेच समजून नाही राहिलं."

प्रशांतनं फोन काढला. मग माझ्या अंगाशी सरकला. "मौसाजी, टूटा ही नहीं व्रत. सुनिए मेरी बात."

तो सांगायला लागला. पृथ्वी गोल नाही म्हणे. थाळीसारखी सपाट आहे. गोल म्हणून शाळेत घोकवतात. तो दोन वर्षांपासून याचे व्हिडिओ पाहतो. सूर्य अन् चंद्र हे दोन लहान दिवे, थाळीच्या वर गोल गोल फिरतात. सूर्य बुडत नाही, दूर जातो. चंद्राला स्वतःचा उजेड आहे. थाळी सपाट, म्हणजे तिच्यावर निघालेला चंद्र सगळ्यांचा एकाच वेळी निघालेला. "मौसी का चाँद भी निकल चुका था. सामने पेड़ होगा, मकान होगा, धुंध होगी. तो मौसी ने निकले हुए चाँद पर ही खाया ना? फिर पाप काहे का? मम्मी को कुछ बताने की ज़रूरत ही नहीं."

पोरानं हे मला बरं वाटावं म्हणून सांगितलं. त्याच्या डोळ्यांत पाणी होतं. वच्छला त्याची लाडकी मावशी होती.

अन् मी खरं सांगतो, मला ते पाहिजे होतं. त्या क्षणी पृथ्वी सपाट असती तर मी तिच्या पाया पडलो असतो. मी म्हणालो, "पुन्हा सांग." त्यानं पुन्हा सांगितलं. तिथून उठलो तेव्हा छातीवरचं पोतं उतरल्यासारखं झालं होतं.

परतताना सूर्य समोर होता. रस्ता सरळ, पश्चिमेला तोंड करून गेलेला, दोन्ही बाजूंना उघडं माळ. हवेत धूर होता, म्हणून सूर्य लाल अन् डोळ्यांना सोसेल असा. मी प्रशांतच्या खांद्यावर थाप मारली. "थांबव गाडी."

आम्ही रस्त्याच्या कडेला उभे राहिलो. मी पाहत राहिलो. नोकरीत हजार वेळा गाडीची शेवटची बत्ती जाताना पाहिली असेल. सरळ रुळावर गाडी गेली का तिची लाल बत्ती लहान होत जाते. आधी लिंबाएवढी, मग मण्याएवढी, मग खसखशीच्या दाण्याएवढी. अन् मग नाही. पण शेवटपर्यंत ती पूर्ण बत्ती असते. ती खालून कापली जात नाही. दूर जाणाऱ्या दिव्याची रीत तीच, दुसरी नाही.

समोरचा सूर्य लहान होतच नव्हता. जेवढा होता तेवढाच. अन् मग त्याची खालची कड गेली. मग अर्धा गेला. राहिला तो अर्धासुद्धा तेवढाच रुंद. विळीच्या पाटावर नारळाची वाटी पालथी ठेवावी तसा.

"ये तो पर्सपेक्टिव है मौसाजी," प्रशांत म्हणाला. "जैसे दूर पटरियाँ मिल जाती हैं. नज़र का धोखा."

"पटरी मिळते, मान्य. लांब गेलेली वस्तू लहान दिसते, मान्य. मग हा लहान काहून नाही झाला?"

प्रशांत फोनमध्ये काहीतरी शोधायला लागला.

"अन् दिवा वर टांगलेला हाय ना तुया? आमच्या यार्डात उंच खांबावर मोठे दिवे लागले. पाच कोसावरून दिसतात. बारीक दिसतात, पण खांबाच्या टोकावरच दिसतात. जमिनीत घुसताना कधी कोणी पाहिले?"

"रेल की पटरी भी तो सीधी बिछाते हैं. गोलाई का हिसाब कौन करता है?"

"रूळ जमिनीवर टाकतात बाबा. जमीन जशी, तसा रूळ. मी टाकलेले पाहिले."

सूर्य पूर्ण गेला. आम्ही गाडीवर बसलो. उतरलेलं पोतं परत छातीवर येऊन बसलं होतं.

चतुर्थीचा दिवस

सकाळी मी स्लॅबवर गेलो. ऊन नुकतं आलं होतं. पश्चिमेला, मालधक्क्याच्या पत्र्यांच्या वर, चंद्र होता. दिवसाउजेडी, पांढरा, पातळ. पौर्णिमा होऊन चार दिवस झाले होते म्हणून एका अंगानं झिजून खपलेला.

प्रशांत दात घासत वर आला. मी म्हणालो, "हा असा खपला काहून, तुया व्हिडिओत काय सांगतात?"

"कोई काली चीज़ सामने आ जाती है. दिखती नहीं."

कठड्यावर टोपलीत पेरू होते. इकडं पेरूला बिही म्हणतात. त्यातला एक गोल पाहून मी उचलला. हात लांब करून चंद्राच्या शेजारी धरला. सूर्य आमच्या पाठीशी होता. मी स्वतःच पाहून थक्क झालो. पेरूवर जेवढं ऊन होतं तेवढाच उजेड चंद्रावर. पेरूची जी खालची कड सावलीत, तीच कड चंद्राची खपलेली. दोन भाऊ शेजारी उभे करावे तसे.

"इकडं ये. माझ्या खांद्यावरून पाहा."

त्यानं पाहिलं. तोंडात ब्रश तसाच. मी पेरू हळूहळू बाजूला, सूर्याकडं नेला. सावली वाढत गेली. अष्टमीचा पेरू झाला. आणखी नेला, कोर झाली.

"या पेरूपुढं कोणती काळी वस्तू आली? अन् तुयी ती काळी वस्तू रोज बरोबर सूर्याच्या उलट्या अंगालाच काहून येते? तिले कोण सांगते?"

प्रशांतनं चूळ भरली. बराच वेळ पेरूकडं पाहिलं. मग माझ्याकडं. "पर मौसाजी, फिर तो..." अन् तो थांबला. त्याला कळलं होतं. पेरू खरा असेल तर मावशीचा उपास मोडला होता.

"हो," मी म्हणालो.

"आप क्यों देख रहे हो ये सब? मान लेते ना. किसी का क्या जाता?"

पेरू खाऊन टाकावा म्हटलं, तर आठवलं की आज मी उपास धरला आहे. आयुष्यातला पहिला.

संध्याकाळी एकवीस मोदक झाले. एक मेहूण जेवायला बोलावलं होतं, नवराबायको नागपूरकडचे. शेजारच्या बायका तिळकूट घेऊन आल्या. वच्छलेचा फोटो पाटावर. निर्मला नव्या लुगड्यात, अगदी बहिणीसारखी दिसत होती. तिनं सगळ्यांपुढं हात जोडून म्हटलं, "माझ्या ताईनं एकही चतुर्थी मोडली नाही." मी भिंतीकडं पाहत होतो. दारात उभा असलेला प्रशांत माझ्याकडं.

मग सगळे स्लॅबवर गेलो. समोरच्या गोदामाच्या मागं उजळलं अन् चंद्र निघाला. तांबडा, पेरूसारखाच खपलेला. निर्मलानं पाणी सोडलं. बायकांनी तिळकूट वाहिलं. "चला भाऊजी, उपास सोडा. थकले असाल."

मी मूर्तिजापूरला फोन लावला. आमच्या शेजारचा गजानन, त्याची बायकोही संकष्टी करते.

"गजानन, आपला निघाला का रे?"

"कुठं भाऊ! अजून अंधार हाय. आमची ही ताट वाढून बसली अन् माह्यावर डाफरून राहिली, जसा मीच चंद्र दाबून ठेवला. काहून, तिकडं निघाला का?"

"निघाला. तू पायरीवर उभा राह्य. निघाला का फोन कर."

लोक खाली गेले. निर्मला माझ्याकडं पाहत उभी राहिली. "भाऊजी, हे काय? इथं असलं का इथला चंद्र."

"मी तिथलाच हाय. तू मेहुणाले वाढ."

ती गेली. प्रशांत अन् मी राहिलो. त्यानं मोबाइलवर वेळ पाहिली होती. त्याचं घड्याळ अन् गजाननचं घड्याळ एकच. देश सगळा एका घड्याळावर चालतो, गाड्यासुद्धा. चंद्र तेवढा ऐकत नाही. आम्ही बसलो. खाली पंगत बसल्याचा आवाज येत होता. एवढ्याच मिनिटांची गोष्ट होती, तेवढीच. ती बसून काढायला मला एवढं जड गेलं का तेव्हा? पायरीवर तिच्या शेजारी बसून दोन शेंगा जास्तीच्या सोलल्या असत्या. बस.

फोन वाजला. "निघाला भाऊ! तुमच्या लिंबामागून. लाल लाल हाय."

प्रशांतनं घड्याळ पाहिलं. "अठारह मिनट," तो म्हणाला. मग फोन खिशात ठेवून त्यानं माझ्यापुढं तांब्या धरला. मी पाणी सोडलं अन् खाली जाऊन जेवलो.

पंचमी

सकाळी निर्मला स्लॅबवर रखियाच्या बड्या घालत होती. रखिया म्हणजे आपला कोहळा. तो किसायचा, वाटलेल्या उडदाच्या डाळीत फेसायचा अन् जुन्या धोतरावर लहान लहान गोळे टाकून वाळवायचे. आपण सांडगे घालतो तसेच. वर्षभर पुरतात. परातीत पीठ पांढरंशुभ्र फेसलेलं होतं.

मी तिच्यासमोर उकिडवा बसलो अन् सांगितलं. काही गाळलं नाही. तुझा फोन आला, मी काय म्हणालो, ती कुठं तोंड करून उभी राहिली, तिनं काय वाहिलं. भूक लागली होती हेही सांगितलं.

निर्मलाचे हात चालू होते. एक बडी, दुसरी, तिसरी. ओळ संपली तशी ती थांबली. डोळ्यांतून पाणी जात होतं, पण हात पिठाचे, पुसता येत नव्हतं.

"मी फोन नसता केला तर," ती म्हणाली.

"तुया काही संबंध नाही. चंद्र निघाला म्हणून तू 'निघाला' म्हटलं."

"ताई काही बोलली नाही?"

"नाही."

खाली मालगाडी सरकली, तिचे डबे एकामागून एक धडकत गेले.

"तुम्ही सांगितलं नसतं तर बरं झालं असतं, भाऊजी," ती म्हणाली. "काल दहा बायकांत मी हात जोडून बोलली."

"हो."

"आता मी कोणाले काही सांगणार नाही. पण मले माहीत राहीन."

"हो."

तिनं मनगटानं डोळे पुसले. गालाला पीठ लागलं. परात उचलून तिनं आम्हा दोघांच्या मध्ये ठेवली.

"ऊन वर येऊन राहिलं. पीठ आंबून जाईन. जा, हात धुवून या."

मी नळावर जाऊन कोपरापर्यंत हात धुतले. तिच्यासमोर बसलो अन् पीठ उचललं. माझी पहिली बडी भाकरीएवढी पडली. निर्मला म्हणाली, "लहान घाला, वाळत नाही." मी लहान घातली.